एमबीएला अकॅडमिक कमिटी गळ्यात पडलीय, नेमकं करायचं काय?

शेवटचा_बाक:

नमस्कार मंडळी. पुण्यात एमबीए फर्स्ट इयरला आहे, कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न, म्हणजे सिलॅबस आणि एंड सेमचा पेपर युनिव्हर्सिटीचा आणि इंटर्नलचे मार्क कॉलेजच्या हातात. आमच्याकडे प्लेसमेंट कमिटी आहे, कल्चरल आहे, स्पोर्ट्स आहे, आणि आता डायरेक्टर सरांनी जाहीर केलंय की मुलांचं अकॅडमिक लाइफ सुधारायला एक अकॅडमिक कमिटी पण हवी. कल्चरलला मुलांची झुंबड, प्लेसमेंटला तर इंटरव्ह्यू घेऊन निवडतात, आणि आमच्या कमिटीला हात वर करायला कोणी तयार नाही, म्हणून शेवटी जे सरांच्या नजरेसमोर बसले होते ते सहा जण आत. मी कन्व्हीनर.

आता प्रॉब्लेम काय काय आहेत ते सांगतो, सगळ्या एमबीए कॉलेजांत थोड्याफार फरकाने हेच असणार. निम्म्याहून जास्त मुलं इंजिनिअर, त्यांना अकाउंट्सचं डेबिट क्रेडिट पण माहीत नाही आणि बीकॉमवाले त्याच लेक्चरला मागे बसून मोबाईल बघतात. मग स्टॅटिस्टिक्सला उलटं. इंटर्नलच्या असाइनमेंट सगळ्या एकाच आठवड्यात येऊन पडतात, कारण प्रत्येक सरांना सेम संपायच्या आधीच आठवण होते. व्हिजिटिंग फॅकल्टीचं शनिवारचं लेक्चर कॅन्सल झाल्याचा मेसेज आपण स्वारगेटला उतरल्यावर येतो. ग्रुप प्रेझेंटेशनला पाच जणांचं नाव आणि काम दोघांचं. फीडबॅक फॉर्म भरून घेतात पण सेमच्या शेवटच्या दिवशी, तेव्हा सगळ्यांना पाच पाच स्टार देऊन घरी जायची घाई.

तर ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा, सहा जणांनी कुठून सुरुवात करायची? आणि सरांशी बोलताना वाईटपणा येऊ नये म्हणून काय करायचं, कारण इंटर्नल त्यांच्याच हातात आहेत हे विसरून चालणार नाही.

---

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो:

सुरुवात अगदी बोअरिंग गोष्टीपासून कर, डेडलाइनचं कॅलेंडर. आमच्या कॉलेजला (मुंबई, नाव राहू दे) कमिटीने पहिलं हेच केलं होतं आणि त्यावरच मुलांचा कमिटीवर विश्वास बसला. एक गूगल शीट, आडवे आठवडे, उभे विषय, आणि प्रत्येक सरांकडे जाऊन फक्त विचारायचं की सर तुमची टेस्ट कधी, केस स्टडीचं सबमिशन कधी, प्रेझेंटेशन कधी. मागणी काही नाही, तक्रार काही नाही, नुसतं विचारायचं. शीट भरली की ज्या आठवड्यात गर्दी आहे तो आठवडा आपोआप लाल दिसतो, मग ती शीट प्रिंट काढून स्टाफरूमच्या बोर्डावर लावायची. कुठल्याही प्रोफेसरला माहीत नसतं की त्यांच्या आठवड्यात अजून चौघांनी सबमिशन ठेवलंय. खरंच माहीत नसतं, मुद्दाम कोणी छळत नाही. आमच्या मार्केटिंगच्या मॅडम शीट बघून स्वतःच म्हणाल्या की माझं एक आठवडा अलीकडे घेते.

आणि युनिव्हर्सिटी पॅटर्नमध्ये तुम्हाला काय बदलता येतं आणि काय नाही हे पहिल्या मीटिंगलाच कागदावर लिहून काढा. सिलॅबस बदलत नाही, एंड सेमचा पेपर बदलत नाही, त्यावर मीटिंगा घालवू नका. पण फुल क्रेडिट विषयाचे १०० पैकी ५० इंटर्नल असतात, ते कशावर घ्यायचे, कधी घ्यायचे, मार्क कधी दाखवायचे, हे सगळं कॉलेजमध्येच ठरतं. टाइमटेबल कॉलेजचं. व्हिजिटिंगला कोण येणार ते कॉलेजचं. सेम थ्रीला कुठले इलेक्टिव्ह (आपण निवडायचे विषय) उघडणार तेही कॉलेजचं. अर्धं राज्य तिथेच आहे की.

फीडबॅकचं नंतर लिहितो, आत्ता ट्रेनमध्ये आहे.

---

स्पष्टच_बोलतो:

कमिटी म्हणजे सीव्हीवर एक ओळ, बाकी काही नाही. दरवर्षी नवीन पोरं येतात, उत्साहात सर्व्हे काढतात, पीपीटी करतात, डायरेक्टर "व्हेरी गुड" म्हणतात, फोटो इन्स्टावर, विषय संपला. नॅकची, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेची, टीम येणार असेल म्हणून काढली असेल कमिटी, तारीख बघ जरा.

---

शेवटचा_बाक:

@स्पष्टच_बोलतो नॅकचं खरंच असू शकतं भाऊ 😅 पण असलं तरी मिळालेला चान्स वापरायला काय हरकत आहे. आणि सीव्हीवर ओळ हवीय की, खोटं कशाला बोलू.

@डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो दादा शीट आजच केली. सहा विषयांपैकी चार सरांनी तारखा दिल्या, एक सर म्हणाले बघू, आणि एका मॅडमनी विचारलं हे कोणी सांगितलं तुम्हाला. फीडबॅकचं लिहा प्लीज, तेच सगळ्यात अवघड वाटतंय.

---

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो:

हां तर फीडबॅक. सेमच्या शेवटचा फॉर्म हा पुढच्या बॅचसाठी असतो, तुमच्यासाठी नसतो, म्हणून कोणी मनापासून भरत नाही. तुम्हाला मध्येच घ्यायचाय. साधारण एक तृतीयांश कोर्स झाला की, म्हणजे सरांची पद्धत कळलेली असते आणि बदलायला वेळही असतो. आमच्याकडे कागदावर घ्यायचो, ऑनलाइन नाही, कारण ऑनलाइन लिंक ग्रुपवर टाकली की भरणारे तेच दहा जण आणि त्यातले तीन चिडलेले. लेक्चरची शेवटची दहा मिनिटं सरांकडून आधीच मागून घ्यायची, सर बाहेर, कमिटीतला एक जण पुढे, अर्धं ए-फोर पान प्रत्येकाला. तीनच प्रश्न:

या विषयात काय चाललंय ते तसंच चालू राहावं?
कुठली एक गोष्ट बदलली तर तुम्हाला जास्त समजेल?
तुम्ही स्वतः या विषयासाठी काय करत नाही आहात?

तिसरा प्रश्न काढू नका काहीही झालं तरी. तो असला की मुलंही जरा जमिनीवर येतात (केस न वाचता येतो असं निम्मा वर्ग प्रामाणिकपणे लिहितो) आणि सरांच्या हातात कागद पडला की त्यांना हल्ला झाल्यासारखं वाटत नाही.

नंतर दोघांनी बसून त्याचं एक पान करायचं. एकच पान. जे दोन-तीन मुद्दे पुन्हा पुन्हा आले तेवढेच, मुलांची वाक्यं जशीच्या तशी द्यायची नाहीत कारण साठ जणांच्या वर्गात अक्षरावरून नाही तर भाषेवरून सर लगेच ओळखतात कोण ते. वैयक्तिक टोमणे तिथेच गाळायचे. "सर बोअर करतात" हा मुद्दा होत नाही, "सर स्लाइड वाचतात, त्याऐवजी एखादं गणित बोर्डवर सोडवलं तर" हा मुद्दा होतो. मूळ कागद फाडून टाकायचे आणि फाडणार हे वर्गाला आधीच सांगायचं.

मग ते पान घेऊन फक्त दोघं सरांच्या केबिनला. सहाच्या सहा जण गेले की मोर्चा वाटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे पान डायरेक्टरकडे द्यायचं नाही, कॉपी पण नाही. हे डायरेक्टरना आधीच पटवून ठेवा. तुमचा "बघू" म्हणणारा प्रोफेसर त्याशिवाय तयार होणार नाही, आणि का व्हावा? त्याचं अप्रेझल त्यावर गेलं तर तो दुसऱ्या वेळी दहा मिनिटं देईल का?

पुढच्या लेक्चरला सर एखादी गोष्ट जरी बदलून आले आणि म्हणाले की तुम्ही सांगितलं म्हणून असं करतोय, बस, वर्ग तुमचा. आमच्या फायनान्सच्या सरांनी एवढंच केलं की लेक्चरच्या सुरुवातीला पाच मिनिटं मागच्या वेळचं गणित पुन्हा. तेवढ्याने मागची दोन बाकं जागी झाली.

---

व्हिजिटिंग_मास्तर:

मी तो शनिवारवाला आहे, म्हणजे तुमच्या कॉलेजचा नसेन कदाचित, पण जातीने तोच. बावीस-पंचवीस वर्षं कंपनीत काढली, आता नोकरी सांभाळून दोन कॉलेजांत शिकवतो, तर पलीकडची बाजूही ऐका.

लेक्चर ऐन वेळी कॅन्सल होतं कारण शुक्रवारी रात्री प्लांटमधून फोन येतो. त्याला मी काही करू शकत नाही. पण कमिटीने एक गोष्ट केली तर हा त्रास निम्मा होईल: कोर्स सुरू होतानाच मला दोन राखीव शनिवार मागून घ्या, टाइमटेबलवर "राखीव" म्हणून लिहून ठेवा. आत्ता होतं काय की माझी दोन लेक्चर बुडतात आणि मग शेवटच्या रविवारी सहा तास सलग, त्यात मलाही मजा येत नाही आणि तुम्ही तर झोपलेलेच असता. आणि वर्गात एक मुलगा असा हवा ज्याचा नंबर माझ्याकडे आहे, ऑफिसला कळवून ऑफिस तुम्हाला कळवणार यात सकाळ जाते. तू स्वारगेटला पोचतोस तो त्यामुळे.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला आधीच्या विषयात काय शिकवलंय हे आम्हाला कोणीही सांगत नाही. मी स्ट्रॅटेजी घेतो. मायकेल पोर्टरच्या फाइव्ह फोर्सेस (धंद्यातली स्पर्धा ठरवणाऱ्या पाच ताकदी) सुरू केल्या की पोरांचे चेहरे पडतात, विचारलं तर कळतं मार्केटिंगला झालं, इकॉनॉमिक्सला झालं, डिजिटल बिझनेसच्या मॅडमनी पण एक तास घेतला. पोर्टरने ते १९७९ साली लिहिलं, चांगलंच लिहिलं, पण एका वर्षात चार वेळा ऐकण्याइतकं नाही. तसंच कोडॅक आणि नोकिया. कुठलाही विषय असो, बुडालेली कंपनी म्हटलं की हीच दोन नावं. आणि याच्या उलट, मला वाटत असतं की बॅलन्स शीट वाचायला यांना येत असणार, तर ते कुणीच नीट शिकवलेलं नसतं कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने शिकवलं.

हे फक्त विद्यार्थ्यांनाच दिसतं. कारण सगळ्या वर्गांत बसणारे तुम्हीच, आम्ही एकमेकांच्या वर्गात बसत नाही. प्रत्येक विषयातल्या कुठल्या संकल्पना, कुठल्या केसेस झाल्या याची एक यादी ठेवा आणि पुढच्या सेमच्या शिक्षकांना पहिल्या दिवशी हातात द्या. मला अशी यादी कुणी दिली तर मी त्याला चहा पाजेन, आणि फाइव्ह फोर्सेसचा तास वाचवून त्यात पुण्यातल्याच एखाद्या ऑटो पार्ट्सवाल्या कारखान्याचं गणित मांडेन, टाटा आणि बजाजला माल देणाऱ्याची बार्गेनिंग पॉवर किती असते ते.

मानधनाबद्दल बोलत नाही, तो वेगळा धागा होईल.

---

शेवटचा_बाक:

@व्हिजिटिंग_मास्तर सर 🙏 यादीची आयडिया जबरदस्त आहे. आमच्याकडे कोडॅक आत्तापर्यंत तीनदा झालंय, हे मी खोटं नाही सांगत, तिसऱ्या वेळी सरांनी विचारलं कोडॅकचं काय झालं तर अख्खा वर्ग एका सुरात.

---

सांगलीची_सई:

मी तुझ्यापेक्षा एक वर्ष पुढे आहे, कोल्हापूरला एमबीए करतेय. आमच्या कमिटीचं मला आवडलेलं काम म्हणजे पोरांनी पोरांना शिकवणं, ते सांगते.

आमच्याकडे सीईटीचे कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या, चालू असतानाच लेक्चर सुरू झाले, त्यामुळे जे शेवटच्या राउंडला आले त्यांचे अकाउंट्सचे पहिले आठवडे गेलेच. माझं बीएस्सी केमिस्ट्री आणि मी त्यातलीच. बाकी सगळे ट्रायल बॅलन्सवर आणि मला जर्नल एंट्री माहीत नाही, आणि वर्गात हात वर करून विचारायची लाज. कमिटीने बीकॉम झालेल्या चौघांना पकडलं आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा, हॉस्टेलच्या मेसमध्ये, जेवण लागायच्या आधी. सर नाहीत, हजेरी नाही, मराठीत.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल की याचा फायदा का होतो. कॅश फ्लोमध्ये नेट प्रॉफिटमध्ये डेप्रिसिएशन (घसारा) परत मिळवतात, हे मला आणि सगळ्या इंजिनिअर पोरांना डोक्यावरून गेलेलं. आम्हाला वाटायचं डेप्रिसिएशनमधून पैसा येतो की काय. सरांनी सांगितलं "नॉन कॅश आयटम आहे", आम्ही लिहून घेतलं, कळलं काहीच नाही. मेसमध्ये एका मुलीने सांगितलं की समज मामाने तीन लाखाची रिक्षा रोख घेतली. पैसे पहिल्या दिवशीच गेले खिशातून. पण हिशोबात ती पाच वर्षांत वाटून लिहायची, दरवर्षी साठ हजार खर्च. आता दुसऱ्या वर्षी हिशोबात नफा साठ हजारांनी कमी दिसतो, पण दुसऱ्या वर्षी मामाच्या खिशातून साठ हजार गेले का? नाही ना, मग खिशात किती आहेत हे शोधायचं तर ते साठ परत मिळव. झालं! दोन मिनिटं. सरांना हे येत नव्हतं असं नाही, पण आम्हाला नेमकं कुठे अडलंय हे त्यांना दिसत नव्हतं आणि तिला दिसलं, कारण ती शेजारी बसून माझी वही बघत होती.

दुसरं म्हणजे केसेस. क्लास पार्टिसिपेशनला मार्क असतात आणि बोलतात तेच सात-आठ जण, पुण्या-मुंबईचे, इंग्लिश मीडियमचे. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठीतून झालं, पंधरा पानांची इंग्लिश केस वाचून होईपर्यंत मुद्दे बोलून संपलेले असायचे. आम्ही आदल्या रात्री चार-पाच जणींचा ग्रुप केला, केस आधी मराठीत भांडून घ्यायची, कंपनीचा प्रॉब्लेम काय, पर्याय काय, आकडे काय सांगतात, आणि मग प्रत्येकीने वर्गात बोलायचं एकच वाक्य इंग्लिशमध्ये तयार ठेवायचं. एकच. पहिल्या सेमला मी तोंड उघडलं नव्हतं, दुसऱ्या सेमला सरांनाच मला थांबवावं लागायचं.

तुमच्या कमिटीत सहाच्या सहा पुण्यातले फडाफडा बोलणारे असतील तर हे प्रॉब्लेम तुम्हाला दिसणारच नाहीत, एवढं बघ.

---

शेवटचा_बाक:

@सांगलीची_सई ताई हे नेमकं बोललात. सहापैकी पाच इंजिनिअर आहोत आणि चार पुण्यातले. बीकॉमची एक मुलगी आहे, ती आज म्हणाली की मला कोणी विचारलंच नाही. बदलतो. शेवटच्या राउंडला आलेला एक नांदेडचा मुलगा आहे त्यालाही विचारतो.

---

नियमावली_काका:

एक सावधगिरीची सूचना. अकॅडमिक कमिटी आणि तक्रार निवारण यांची सरमिसळ करू नका. मुलं तुमच्याकडे सगळंच घेऊन येतील, फी परत मिळत नाही, मार्कात पक्षपात झाला, अमुक सर वाटेल ते बोलले. हे तुमचं काम नाही आणि तुम्हाला झेपणारही नाही. त्यासाठी यूजीसीचे २०२३ चे नियम आहेत, प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. तुमच्या कॉलेजच्या वेबसाइटवर समितीची नावं सापडतील, त्या मुलाला तिकडे पाठवा. छळाची किंवा रॅगिंगची तक्रार असेल तर त्याला आणखी वेगळ्या समित्या आहेत, तिथे तर तुम्ही मध्ये अजिबात पडू नका.

बाकी कॉलेजात विद्यार्थ्यांचा आवाज जायचे अधिकृत रस्तेही आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे संलग्न महाविद्यालयाला कॉलेज डेव्हलपमेंट कमिटी लागते, कलम ९७ बघा, त्यात विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव सदस्य असतात. नॅकसाठी आयक्यूएसी, म्हणजे कॉलेजची अंतर्गत गुणवत्ता समिती, असते, त्यातही विद्यार्थी प्रतिनिधी असतो. पुष्कळ ठिकाणी ही नावं फाइलीतच असतात आणि त्या मुलांना आपण सदस्य आहोत हे माहीतही नसतं. तुमच्या कॉलेजात कोण आहे ते ऑफिसला विचारा. लायब्ररीचे तास वाढवणं, कॉम्प्युटर लॅब संध्याकाळी उघडी ठेवणं, असे खर्चाचे विषय तिथे जातात, एकट्या प्रोफेसरच्या केबिनमध्ये ते सुटणार नाहीत.

---

स्पष्टच_बोलतो:

काका कलम ९७ घेऊन गेला ना पोरगा तर डायरेक्टर त्यालाच डेव्हलप करतील 😂

---

नियमावली_काका:

घेऊन जायचं नसतं, माहीत असायचं असतं.

---

लीड्सहून_नमस्ते:

ठाण्याची, सध्या इंग्लंडमध्ये बिझनेस स्कूलला मास्टर्स करतेय. इथे प्रत्येक कोर्सचे विद्यार्थी प्रतिनिधी असतात आणि त्यांची शिक्षकांबरोबर ठरलेली मीटिंग असते, स्टाफ-स्टुडंट कमिटी म्हणतात तिला, तारीख आधीच ठरलेली, काय बोलणं झालं त्याची नोंद लिहिली जाते. मला वाटलं होतं इथे सगळं भारी असेल. तर तसं काही नाही, इथेही प्रतिनिधी व्हायला कोणी तयार नसतं आणि ग्रुप वर्कला फुकटे इथेही आहेत, फक्त ते सॉरी म्हणून फुकट खातात.

पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे कॉरिडॉरमध्ये पोस्टर असतात, "यू सेड, वी डिड", म्हणजे तुम्ही हे सांगितलं आणि आम्ही हे केलं, आणि जे जमलं नाही ते का नाही हेही कळवतात. मुलांना एवढंच हवं असतं की सांगितलेलं कुठेतरी पोचलं. नाहीतर तू दहा मिनिटांचे फॉर्म भरून घेणार, सरांशी छान बोलून येणार, आणि वर्गाला वाटणार कमिटी एसीत बसून समोसे खाते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार ओळी टाक, काय मागितलं, काय मिळालं, काय नाही. पीपीटी नको.

दुसरं ग्रुप वर्क. आमच्याकडे प्रत्येकाने बाकीच्यांचं काम किती टक्के ते गुपचूप भरून द्यायचं असतं आणि त्यावरून ग्रुपचे मार्क थोडे वरखाली होतात. थोडेच, पण भीती राहते. पण हे शेवटी एकदाच केलं तर भांडणं होतात, मध्ये एकदा बिनमार्काचं करून घ्यायला लागतं म्हणजे फुकट्याला सुधारायचा चान्स मिळतो. इंटर्नल तुमच्या कॉलेजच्या हातात आहेत तर एका सरांना विचारून बघ, एकाच विषयात.

---

पवई_रिटर्न:

ग्रुप वर्कवरून आठवलं. मोठ्या बी-स्कूलमध्ये रिलेटिव्ह ग्रेडिंग असतं, शेजाऱ्याचे मार्क वाढले की तुमची ग्रेड खाली येऊ शकते, त्यामुळे नोट्स शेअर करताना पण लोक विचार करतात. तुमच्याकडे शेजाऱ्याला ५० पैकी ४५ पडले म्हणून तुमचे कमी होत नाहीत. त्यामुळे सई म्हणतेय ते मेसमधलं शिकवणं तुमच्याकडे सहज चालेल, त्याचा फायदा घ्या. आणि आम्हाला फुल फॅकल्टी, फुल लायब्ररी होती तरी अकॅडमिक कमिटीचा निम्मा वेळ इलेक्टिव्हच्या सीट वाटण्यात जायचा. तुम्हाला सेम थ्रीला तो प्रश्न येणारच. स्पेशलायझेशन भरायच्या आधी सेकंड इयरच्या मुलांना तासभर बसवा, प्रत्येक स्पेशलायझेशनचे दोन, आणि त्यांना एकच विचारा की समर इंटर्नशिपला तुम्ही रोज नक्की काय केलं. "मार्केटिंग स्ट्रॅटेजी केली" म्हणणाऱ्याला विचारा की सकाळी दहा वाजता काय करत होतास. बऱ्याच जणांचं उत्तर येईल, दुकानोदुकानी फिरून एक्सेल भरत होतो. हे ऐकून ज्याला तरी मार्केटिंग घ्यावंसं वाटतं त्याने जरूर घ्यावं.

---

शेवटचा_बाक:

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

डायरेक्टर सरांशी बोललो, फीडबॅकचं पान त्यांच्याकडे येणार नाही हे त्यांना आधी पटेना, म्हणाले मग मला कसं कळणार कमिटी काम करतेय. शेवटी असं ठरलं की किती विषयांत फीडबॅक झाला आणि किती सरांनी काही बदल केला एवढा आकडा त्यांना द्यायचा, कोणी काय ते नाही. "बघू" म्हणणाऱ्या सरांनीच पहिला होकार दिला, आश्चर्य आहे. "कोणी सांगितलं तुम्हाला" वाल्या मॅडम अजून तयार नाहीत, त्यांना सोडून दिलंय या सेमला. शनिवारच्या सरांकडून दोन राखीव तारखा घेतल्या आणि त्यांचा नंबर आता माझ्याकडे आहे, याच शनिवारी सकाळी सातला त्यांचा मेसेज आला की येत नाही, आणि मी पहिल्यांदाच आरामात झोपलो.

मेसचं जमणार नाही कारण आमच्याकडे निम्मी मुलं घरून येतात, तर लायब्ररीच्या मागची रिकामी रूम मागितलीय, साडेचारला. बीकॉमवाली मुलगी आता ते सगळं बघतेय आणि तिने मला स्पष्ट सांगितलंय की तू यात पडू नकोस, तुला डेप्रिसिएशन येत नाही.

एकच प्रश्न राहिला. फीडबॅकच्या वेळी सर बाहेर गेल्यावर मागून कोणीतरी ओरडलं "लिहा रे, लेक्चरच कॅन्सल करा" आणि अर्ध्या वर्गाने तेच लिहिलं. ते पानावर घ्यायचं का?

---

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो:

नाही घ्यायचं. पण बाकीच्या अर्ध्यांनी काय लिहिलंय ते नीट वाच, मुद्दे त्यातच सापडतील. आणि पुढच्या वेळी फॉर्म लेक्चरच्या शेवटी नको, सुरुवातीला घे. शेवटी सगळ्यांचं लक्ष कॅन्टीनकडे असतं.

---

व्हिजिटिंग_मास्तर:

मी असतो तर मला ते पानावर हवं असतं. अर्धा वर्ग लेक्चर कॅन्सल करा म्हणतो म्हणजे लेक्चरमध्ये काहीतरी गडबड आहे, थट्टेत का होईना. पण तुझ्या त्या सरांना तू जास्त ओळखतोस. आणि कोडॅकची यादी कुठवर आली?